रक्तात असतंय का हे?

मागच्या उन्हाळ्यात गंगाखेडजवळच्या एका गावी वास्तुशांतीच्या जेवणाला गेलो होतो. पहिली पंगत उठली होती, मांडवाच्या कापडातून गाळून आलेले ऊन सतरंज्यांवर पिवळे होऊन पडले होते आणि वरणाच्या फोडणीचा वास नव्या भिंतींच्या रंगाच्या वासात मिसळला होता. तेवढ्यात दूरच्या नात्यातले एक गृहस्थ, ज्यांना मी लहानपणापासून मामा म्हणत आलो आहे, मला हाताला धरून घराच्या मागे पाण्याच्या टाकीच्या सावलीत घेऊन गेले. त्यांच्या मुलासाठी स्थळे पाहणे चालू होते. त्यांनी मोबाइलवर एका मुलीचा बायोडाटा दाखवला. मुलगी बी. फार्म. झालेली, घर सुखवस्तू, माणसे शब्दाला जागणारी. त्यांना सगळे पसंत होते, हे त्यांच्या बोलण्यावरून कळत होते. मग आवाज खाली आणून ते म्हणाले, "पण सर, त्या लेकराच्या भावाला तसलं हाय म्हणत्यात. डोक्याच्या गोळ्या चालू हायेत. तुम्ही हेच शिकवता म्हणून इचारतो. रक्तातच असतंय का हे? तपासून कळंल का?"

मी प्राणिशास्त्र शिकवतो, वैद्य नाही. तरीही मला ठाऊक होते ते सांगितले. स्किझोफ्रेनिया, म्हणजे माणसाला नसलेले आवाज ऐकू येणारा, भ्रम होणारा मनाचा आजार, होईल की नाही हे सांगणारी रक्ततपासणी जगात कुठेही उपलब्ध नाही, मुलीची तशी तपासणी करून घेण्याचा विचार मनातून काढून टाका, असे मी म्हणालो. त्यांनी मान हलवली. त्यांच्या चेहऱ्यावर संशय नव्हता, उलट मुलगी हातची जाऊ नये अशी काळजीच होती. थोडा वेळ ते पायाने खडी सारखी करत राहिले आणि मग म्हणाले, "रक्तात नाही म्हणता. मंग असतंय तरी कशात?"

दुसऱ्या पंगतीची हाक आली आणि उत्तर तसेच राहिले.

परभणीला परतताना एसटीच्या खिडकीतून तापलेला वारा तोंडावर येत होता आणि तो प्रश्न डोक्यात फिरत होता. तो प्रश्न मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा शाळेत होतो. तो आमच्याच घराविषयी विचारला गेला होता आणि विचारणारे आमच्याच ओसरीवर बसले होते.

आमचे घर गोदाकाठच्या काळ्या रानातले. एकत्र कुटुंबात आम्ही बरीच पोरे होतो आणि त्या सगळ्यांत दादा, म्हणजे माझा थोरला चुलतभाऊ, हुशार म्हणून गावात प्रसिद्ध होता. कंदिलाच्या उजेडात तो मला गणित शिकवायचा आणि उत्तर चुकले तर रागवण्याऐवजी पुन्हा पहिल्या पायरीपासून सुरुवात करायचा. त्याचे शेतावरही तितकेच मन होते. रब्बीची ज्वारी वीतभर झाली की विरळणीला आम्ही दोघे सोबत जायचो. पेरताना बी दाट पडलेले असायचे, कारण प्रत्येक दाणा उगवेल याची खात्री कोणी देत नाही. मग उगवलेल्यांतली किरकोळ रोपे उपटून जोमदार रोपांना जागा करून द्यायची. ओल्या मातीतून मूळ सुटताना होणारा बारीक आवाज, बोटांना लागलेला हिरवा वास, पाठीवरचे कोवळे ऊन, हे सगळे अजून आठवते. कोणते रोप ठेवायचे आणि कोणते काढायचे याचा निर्णय दादा पाहताक्षणी घ्यायचा. माझ्या हातून कधी दोन-तीन रोपे एकदम निघाली की तो म्हणायचा, "दाट राहिलं तर कणीस भरत नाही आणि जास्त काढलं तर रान मोकळं पडतं. बेतानं काढ."

बारावीनंतर तो औरंगाबादला शिकायला गेला. दुसऱ्या वर्षी दिवाळीला आला तेव्हा तो बोलत नव्हता. नंतर बोलू लागला तेव्हा समोर नसलेल्या माणसांशी बोलू लागला. रात्री उठून अंगणात येरझाऱ्या घालायचा, ताटातली भाकरी हुंगून बाजूला सारायचा, आपल्याविषयी रेडिओवर बोलत आहेत असे म्हणून तो बंद करायला लावायचा. घरात आधी अंगारा आला, मग देवऋषी आला. कोणी म्हणाले करणी आहे, कोणी म्हणाले फार अभ्यास केल्याने डोक्यावर परिणाम झाला. शेवटी एका मोठ्या सरकारी दवाखान्यात नेले. तिथल्या गोळ्यांनी आवाज कमी झाले, पण दादाच्या चेहऱ्यावरचे काहीतरी त्यांच्यासोबत निघून गेले. काकी त्याच्यासमोर बसून एकेक घास भरवायची आणि तो वीस वर्षांचा माणूस तोंड उघडायचा.

त्यानंतर दोन-तीन वर्षांनी आक्काचे, म्हणजे दादाच्या पाठच्या बहिणीचे, लग्न ठरत आले होते. पाहुणे ओसरीवर बसले होते, आतल्या खोलीत आक्का हिरवे लुगडे नेसून उभी होती आणि मी दाराच्या फटीतून पाहत होतो. पाहुण्यांतल्या वयस्कर माणसाने माझ्या काकांना विचारले, घराण्यात आणखी कोणाला होते का, रक्तातच आहे का. काकांनी उत्तर दिले नाही. ते स्थळ गेले. त्यामागून आणखी स्थळे गेली. आक्काने लुगडे घडी करून पेटीत ठेवले आणि पुढची अनेक वर्षे कोणी पाहायला येणार असले की ती रोजच्याच पातळात समोर जायची.

मी जीवशास्त्राकडे वळलो त्यामागे आवडही होती, पण ओसरीवरच्या त्या प्रश्नाला काकांना देता आले नाही ते उत्तर शोधावे ही इच्छाही होती, असे मला आज वाटते. ते उत्तर मला अपेक्षित होते त्या धड्यात सापडले नाही. मी ते चेतासंस्थेच्या पुस्तकांत शोधत राहिलो आणि त्याचा मोठा भाग निघाला रोगप्रतिकारशक्तीच्या धड्यात.

आपल्या अभ्यासक्रमात हे दोन धडे एकमेकांपासून लांब असतात आणि त्याला कारणही होते. १९४८ मध्ये पीटर मेडावर यांनी सशांवर प्रयोग करून दाखवले की परक्या सशाच्या त्वचेचा तुकडा अंगावर लावला तर शरीर तो झिडकारते, पण तोच मेंदूत ठेवला तर सहसा टिकून राहतो. त्यावरून मेंदू हे प्रतिकारसंस्थेच्या पहाऱ्याबाहेरचे स्थान आहे ही समजूत पक्की झाली. पेशीच्या पृष्ठभागावर एमएचसी वर्ग एक नावाची प्रथिने असतात. पेशीच्या आत काय बनते आहे याचे नमुने ती बाहेर धरतात आणि पहाऱ्यावरच्या टी पेशी ते तपासतात. माणसात यांनाच एचएलए म्हणतात. घरात कोणाला किडनी बसवायची वेळ आली असेल त्यांनी हा शब्द तपासणीच्या कागदावर पाहिला असेल. निरोगी चेतापेशी ही प्रथिने बनवत नाहीत, असे तेव्हा मानले जाई. शरीरातल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत जनुके तीच असतात, पण यकृतात जी व्यक्त होतात, म्हणजे प्रथिन बनवण्याच्या कामाला लागतात, ती सगळी डोळ्यात होत नाहीत. त्याच न्यायाने प्रतिकाराची ही जनुके चेतापेशीत मूक असणार, असे धरून चालले होते.

१९९८ मध्ये कार्ला शॅट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या समजुतीला धक्का दिला, आणि तोही प्रतिकारशक्तीचा शोध न घेता. त्यांना कळून घ्यायचे होते ते वेगळेच. डोळ्यांपासून मेंदूकडे जाणाऱ्या जोडण्या जन्माआधी गुंतलेल्या असतात आणि चेतापेशींच्या स्वतःच्या विद्युत हालचालींनी त्या नीटनेटक्या होत जातात. त्या वेळी कोणती जनुके कामाला लागतात, हा त्यांचा प्रश्न होता. त्यांनी जन्माला न आलेल्या मांजरांच्या मेंदूत टेट्रोडोटॉक्सिन, म्हणजे फुग्या माशात सापडणारे विष, सोडून ही हालचाल थांबवली आणि कोणत्या जनुकांचा आरएनए, म्हणजे जनुक व्यक्त होताना निघणारी त्याची प्रत, कमी झाला ते पाहिले. त्यांच्या हाती एमएचसी वर्ग एकचे जनुक आले. चेतापेशी ते स्वतः व्यक्त करत होत्या, कोणताही संसर्ग नसताना, आणि किती करायचे हे त्यांच्या विद्युत हालचालीवर ठरत होते. पुढे २००० मध्ये त्याच गटाने दाखवले की ज्या उंदरांत ही प्रथिने पेशीच्या पृष्ठभागावर नीट पोहोचत नाहीत, त्यांच्या मेंदूत जास्तीच्या जोडण्या निघायच्या त्या निघत नाहीत. हा निबंध मी प्रथम वाचला ती दुपार मला आठवते. महाविद्यालयाच्या ग्रंथालयात पंखा बंद होता, कागद घामाने बोटांना चिकटत होता, आणि मी एकाच परिच्छेदाकडे पुन्हा पुन्हा जात होतो.

मग त्यात पूरक प्रथिनांची भर पडली. रक्तात फिरणारी ही प्रथिने जंतूवर किंवा मेलेल्या पेशीच्या अवशेषावर चिकटतात आणि भक्षक पेशींना ते खाऊन टाकण्याची खूण देतात. प्रतिकारसंस्थेचा हा फार जुना भाग. २००७ मध्ये बेन बॅरेस आणि बेथ स्टीव्हन्स यांच्या गटाने दाखवले की वाढत्या उंदराच्या मेंदूत सी-वन-क्यू हे पूरक प्रथिन चेतासंधींवर, म्हणजे दोन चेतापेशी जिथे एकमेकींशी बोलतात त्या जोडांवर, जाऊन बसते, आणि ते नसले तर जास्तीचे जोड तसेच राहतात. खूण केलेले जोड खाण्याचे काम मेंदूत राहणाऱ्या मायक्रोग्लिया नावाच्या भक्षक पेशी करतात, हे २०१२ मध्ये स्पष्ट झाले. या पेशींना १९१९ मध्ये माद्रिदच्या पिओ देल रिओ ओर्तेगा यांनी चांदीच्या क्षारांनी रंगवून प्रथम वेगळे ओळखले होते. त्या मूळच्या मेंदूतल्या नव्हेत. गर्भ अगदी लहान असताना पीतक कोशातून, म्हणजे गर्भाला जोडलेल्या एका पिशवीतून, निघून त्या मेंदूत येतात आणि तिथेच राहतात. जिवंत उंदराच्या मेंदूत २००५ मध्ये त्यांचे निरीक्षण केले गेले तेव्हा त्यांचे बारीक धागे आजूबाजूचा परिसर सतत चाचपत असलेले दिसले. तोपर्यंत त्या एरवी निवांत असतात असे मानले जात होते.

हे सारे वाचताना मला वारंवार ज्वारीचे रान आठवले. मेंदूही आधी दाट पेरतो. बालपणात चेतासंधी गरजेपेक्षा खूप जास्त तयार होतात आणि मग वर्षानुवर्षे त्यांची विरळणी चालते. जे जोड कामात आहेत ते टिकतात, मंद पडलेले निघून जातात. पीटर हटनलोकर यांनी १९७९ मध्ये निरनिराळ्या वयांत मृत्यू पावलेल्या माणसांच्या मेंदूतले जोड सूक्ष्मदर्शकाखाली मोजले आणि कपाळामागच्या भागात ही घट पौगंडावस्थेपर्यंत होत राहते असे दाखवले. नियोजन करणे, दोन गोष्टींतला संबंध ताडणे, आपल्या मनातले आणि बाहेरचे वेगळे ओळखणे, ही कामे याच भागाच्या आधाराने होतात. १९८२ मध्ये अर्विन फाइनबर्ग यांनी एक तर्क मांडला: स्किझोफ्रेनिया नेमका सोळा ते पंचविशीच्या आसपास उद्भवतो, तेव्हा या विरळणीतच काही बिघडत असेल का? तो तर्क अनेक वर्षे तर्कच राहिला, कारण विरळणी कोण करते हेच ठाऊक नव्हते.

२०१६ मध्ये स्टीव्हन मॅकॅरल यांच्या गटाने सुमारे २९ हजार रुग्ण आणि ३६ हजार निरोगी माणसांच्या जनुकीय माहितीचा अभ्यास प्रसिद्ध केला. स्किझोफ्रेनियाशी सर्वांत ठळक संबंध दाखवणारी जागा सहाव्या गुणसूत्रावर, एचएलएच्या परिसरात आहे, हे आधीच दिसले होते. तिथे नेमके कोणते जनुक जबाबदार आहे ते कळत नव्हते. या गटाने त्या संबंधाचा एक मोठा भाग सी-फोर या पूरक प्रथिनाच्या जनुकापर्यंत आणून भिडवला. हे जनुक विलक्षण आहे. त्याचे ए आणि बी असे दोन प्रकार आहेत, माणसागणिक त्याच्या प्रतींची संख्या बदलते, आणि काही प्रतींच्या पोटात एका प्राचीन विषाणूचा तुकडा आहे, जो कधीकाळी आपल्या पूर्वजांच्या पेशींत शिरला आणि पिढ्यान्‌पिढ्या तिथेच राहिला. कोणत्या प्रती किती, यावर मेंदूत सी-फोर-ए किती व्यक्त होणार हे ठरते; आणि ते जितके जास्त, तितकी आजाराची शक्यता थोडी जास्त. माणसाच्या चेतापेशींत आणि चेतासंधींवर हे प्रथिन सापडले. उंदरांत सी-फोर नसेल तर विरळणी अपुरी राहते, हेही त्याच अभ्यासात दिसले.

जास्त काढले तर रान मोकळे पडते, हे वाक्य मला त्या दिवशी झोपू देईना.

पण मामांच्या प्रश्नाचे उत्तर एवढ्यावर संपत नाही, आणि इथे घाई केली तर जुन्याच जागी परत येऊन पोहोचू. सी-फोर तर रक्तातही असते. परभणीतल्या कोणत्याही मोठ्या लॅबमध्ये चिठ्ठी दिली तर सी-थ्री, सी-फोर मोजून मिळते. ते मोजतात प्रामुख्याने लुपससाठी, ज्या आजारात प्रतिकारसंस्था स्वतःच्याच शरीरावर उलटते. माझ्या एका विद्यार्थिनीला लुपस होता. तिला ऊन चालत नसे. आपल्याकडच्या उन्हात सगळ्याच मुली डोळ्यांपर्यंत स्कार्फ बांधतात, त्यामुळे तिचे कारण वेगळे आहे हे वर्गात कोणाच्या लक्षात येत नसे. प्रात्यक्षिकाच्या वेळी ती खिडकीपासून दूरचे टेबल घ्यायची. एकदा तिने आपला अहवाल मला दाखवला, त्यात सी-फोर कमी होते. ते कमी का असते आणि त्याने काय होते हे मी तिला समजावले: मेलेल्या पेशींचा कचरा वेळेवर उचलला गेला नाही तर प्रतिकारसंस्था त्यालाच शत्रू समजू लागते. ती शांतपणे ऐकत होती आणि वहीत लिहून घेत होती, जणू तो परीक्षेतला प्रश्न होता.

२०२० मध्ये मॅकॅरल यांच्याच गटाचा दुसरा अभ्यास आला. सी-फोरची जी रूपे स्किझोफ्रेनियाची शक्यता वाढवतात, तीच रूपे लुपसपासून संरक्षण देतात, असे त्यात दिसले. हे दोन्ही परिणाम पुरुषांत अधिक तीव्र आहेत. विशी ते पन्नाशीच्या काळात पुरुषांच्या रक्तात आणि मेंदूभोवतीच्या द्रवात हे प्रथिन स्त्रियांपेक्षा जास्त असते. लुपस स्त्रियांत कितीतरी पटींनी अधिक का आणि स्किझोफ्रेनिया पुरुषांना लवकर आणि जास्त तीव्र का गाठतो, याच्या स्पष्टीकरणाचा एक धागा इथे मिळतो. हे वाचल्यावर माझ्या मनात दादा आणि ती विद्यार्थिनी शेजारी शेजारी उभे राहिले. जे एका शरीरात संरक्षण म्हणून काम करते, तेच दुसऱ्या डोक्यात ऐन उमेदीच्या वयात जोड तोडत असेल. मग ओसरीवर बसलेल्या त्या पाहुण्यांच्या स्वतःच्या घराण्यात यातले काय होते? काही ना काही होतेच, कारण सी-फोर सगळ्यांना असते आणि त्याच्यावाचून कोणाचे भागत नाही.

त्यातही प्रमाण लक्षात ठेवावे लागते. सी-फोरच्या सर्वांत धोक्याच्या रूपामुळे शक्यता वाढते ती साधारण सव्वापट. शंभरात एखाद्याला होणारा आजार सव्वापट झाला तरी त्या रूपाची बहुसंख्य माणसे आयुष्यभर निरोगीच राहतात. २०२२ पर्यंत या आजाराशी संबंधित २८७ जागा जनुकसंचात सापडल्या होत्या, प्रत्येकीचा वाटा थोडा थोडा. शिवाय गर्भारपणातला गंभीर संसर्ग, कोवळ्या वयातला गांजा अशा बाहेरच्या गोष्टी आहेतच. या अभ्यासांतली माणसे बहुतांशी युरोपीय वंशाची होती, ही मर्यादाही आपण विसरू नये. आणि रक्तात मोजलेले सी-फोर मुख्यतः यकृतात तयार झालेले असते. पंधराव्या वर्षी कपाळामागच्या चेतापेशींत ते किती व्यक्त झाले, हे त्यावरून कळत नाही. मेंदूतली अभिव्यक्ती मोजायची तर माणसाच्या मृत्यूनंतर दान केलेल्या मेंदूतच मोजावी लागते. २०१६ च्या अभ्यासात ती तशीच मोजली होती. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या राष्ट्रीय संस्थेत १९९५ पासून मेंदूंची अशी पेढी आहे. आपल्याकडे नेत्रदानाची पत्रके गावोगाव पोहोचली, देहदानही काही घरांत रुजले. मेंदूदानाचे नाव मात्र मी मराठवाड्यात कधी चारचौघांत ऐकलेले नाही, आणि ते ऐकू यावे असे मला मनापासून वाटते.

मामांना मी काही दिवसांनी फोन केला. जे शास्त्र मी वर लिहिले त्यातले फारच थोडे त्यांना सांगितले, पण आकडे सांगितले. इर्व्हिंग गॉट्समन यांनी युरोपातल्या जुन्या अभ्यासांतून एकत्र केलेल्या आकड्यांनुसार, सख्ख्या भावंडाला आजार असेल तर शंभरात सुमारे नऊ जणांना तो होतो आणि एक्क्याण्णवांना होत नाही. भाचरांत तो शंभरात चारच्या आसपास असतो. जनुके अगदी एकसारखी असलेल्या जुळ्यांतही एकाला आजार असला तर दुसऱ्याला होण्याची शक्यता निम्म्याच्या जवळपासच राहते. त्यांनी आकडे पुन्हा विचारून घेतले, बहुधा कागदावर उतरवले. पुढे त्यांनी काय ठरवले ते मी विचारले नाही. त्या मुलीचे नाव मला बायोडाट्यावरून आठवते, आणि तिच्या घरी त्या दिवसांत कोणी रोजच्या पातळात पाहुण्यांसमोर गेले असेल का, हा विचार मनातून जात नाही.

या सगळ्या ज्ञानाने दादाच्या गोळ्या बदललेल्या नाहीत, हे सांगितलेच पाहिजे. मायक्रोग्लिया शांत करणारे म्हणून मिनोसायक्लिन हे मुरमांसाठी वापरले जाणारे प्रतिजैविक रुग्णांना देऊन पाहिले गेले. प्रयोगशाळेतल्या पेशींत जोड खाण्याचे प्रमाण त्याने कमी झाले, पण ब्रिटनमधल्या मोठ्या चाचणीत, जिचा निकाल २०१८ मध्ये आला, नुकत्याच आजारी पडलेल्या रुग्णांना त्याचा उपयोग झाला नाही. पूरक प्रथिने दाबणारी औषधे अन्य आजारांत वापरतात, तेव्हा मेंदुज्वराच्या जंतूंपासून बचावासाठी आधी लस द्यावी लागते. पहारा कमी केला की त्याची किंमत द्यावी लागते. मला या संथपणाचा राग येत नाही. दुःख होते ते मधल्या काळात वयस्कर होत गेलेल्या माणसांचे.

दादा आता आक्काकडे नांदेडला असतो. आक्काचे लग्न उशिरा झाले, एका शिक्षकाशी. त्यांना पहिल्याच भेटीत काकीने सगळे सांगितले होते आणि दाजींनी फक्त एवढेच विचारले होते की दादा जेवतो का व्यवस्थित. काकी गेल्यावर ते दोघे दादाला घेऊन गेले. इतर औषधांनी भागेना तेव्हा डॉक्टरांनी त्याला क्लोझापिन सुरू केले. या औषधाने काही थोड्या रुग्णांत पांढऱ्या पेशी धोकादायक पातळीपर्यंत घटतात, म्हणून सुरुवातीचे काही महिने दर आठवड्याला आणि नंतर अंतर वाढवत रक्त तपासावे लागते. कोणाच्या पेशी घटतील याचा संबंध पुन्हा एचएलएच्या जनुकांशी आढळला आहे. तेच सहावे गुणसूत्र, तोच परिसर. आक्काला हे मी सांगितले तेव्हा तिला त्यात नवल वाटले नाही. तिने कपाटातून प्लास्टिकची पिशवी काढून सगळे अहवाल तारखेप्रमाणे लावलेले दाखवले आणि कोणत्या महिन्यात आकडा खाली आला होता ते तोंडपाठ सांगितले. दादा पलंगावर बसून वर्तमानपत्रातले अंकांचे कोडे सोडवत होता. अलीकडे तो ते पूर्ण करतो.

आक्काची मुलगी कृषी पदवीधर आहे आणि तिच्यासाठी स्थळे येऊ लागली आहेत. मागच्या आठवड्यात आक्काचा फोन आला. येत्या रविवारी पाहुणे येणार आहेत, तू ये, असे म्हणाली. दादाला शेजारी कुठे नेऊन बसवायचे का, असे दाजींच्या बहिणीने सुचवले होते. आक्काने ते मोडून काढले. दादा ओसरीवरच बसणार आहे, नवा सदरा घालून, आणि त्याचा आजार काय आहे ते चहाच्या आधीच सांगायचे असे तिने ठरवले आहे. "कुणी रक्ताचं इचारलं तर तू नुसते आकडे सांग," ती म्हणाली. "बाकीचं मी बोलते."